वरचा जबडा मागे राहतोय: फेसमास्क आत्ता लावू, की अठराव्या वर्षी ऑपरेशन? (दुभंगलेली टाळू)

कृष्णाकाठ | ३ जुलै, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. इथे सहा-सात वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगा साडेसात वर्षांचा, दुसरीत. जन्मतः उजव्या बाजूने ओठ, हिरडी आणि टाळू दुभंगलेली. ओठ चौथ्या महिन्यात शिवला, टाळू तेराव्या महिन्यात. दोन्ही ऑपरेशनं छान झाली. बोलणं थोडं नाकात आहे, पण शाळेत बाईंना सगळं कळतं. आम्हाला वाटलं, सुटलो.

गेल्या वर्षी दुधाचे दात पडून पटाशीचे नवे दात आले ते खालच्या दातांच्या आत. तोंड मिटलं की खालची ओळ पुढे, वरची मागे. पेरू समोरून चावता येत नाही, दाढेकडे सरकवून तोडतो. नाकाच्या बाजूचा भाग बसका दिसायला लागलाय आणि हनुवटी पुढे. फोटो काढायचा म्हटलं की मान खाली घालतो. ते मला जास्त लागतं.

पुण्यात दोन डॉक्टरांना दाखवलं. एक म्हणतात, आधी तार लावून वरचा जबडा रुंद करू आणि मग फेसमास्क (चेहऱ्यावर बाहेरून बसवायचा सांगाडा) लावून पुढे ओढू. हेच वय आहे. दुसरे म्हणतात, पोराला छळू नका, वाढ पूर्ण झाल्यावर जबड्याचं ऑपरेशन करायचंच आहे, तेव्हा एकदाच बघू. कराडहून पुणं म्हणजे प्रत्येक खेपेला एक शाळा बुडणार, ह्यांची एक रजा जाणार. कुणी ह्यातून गेलंय का? आणि मुळात हे होतं कशामुळे? आम्ही खाण्यापिण्यात कुठे कमी पडलो का?

फोडणीचं_वरण | ३ जुलै, रात्री ११.४१

वाचतेय. माहिती नाही, पण बाळाला खूप आशीर्वाद.

जुना_पिंपळ | ४ जुलै, सकाळी ७.०५

गरोदरपणात ग्रहण आलं होतं का? आमच्याकडे त्या वेळी विळीला हात लावू देत नाहीत. उगीच नाही म्हणत जुनी माणसं.

कृष्णाकाठ | ४ जुलै, सकाळी ७.३०

काका, हे साडेसात वर्षं घरात ऐकतेय. इथे तरी नको.

दंतकथा | ४ जुलै, दुपारी २.१५

मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वाकडे दात आणि जबडे जागेवर आणणारा दंतवैद्य. सरकारी दंत महाविद्यालयात शिकवतो, अशी मुलं दर आठवड्याला बघतो.

आधी पिंपळकाका. पोटातल्या बाळाचा ओठ साधारण सातव्या आठवड्यापर्यंत जुळतो आणि टाळू बाराव्यापर्यंत. पुष्कळदा तेव्हा आईला दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. जगभरात ७०० बाळांमागे साधारण एकाला हे होतं, ग्रहण पाळणाऱ्या घरांत आणि न पाळणाऱ्यांतही. विळीला सोडा.

आता ताई. मुलाला न तपासता 'हे करा' म्हणणार नाही. पण दोघांपैकी कोणी तुम्हाला फसवत नाहीये, एवढं नक्की.

जबडा मागे का राहतो? बहुतेकांना वाटतं, टाळू मुळातच अधू म्हणून वाढ खुंटते. जन्मतः तिथे थोडं हाड-मांस कमी असतं हे खरं. पण मोठं कारण म्हणजे आपणच केलेलं ऑपरेशन. टाळू शिवताना वरचं आवरण हाडापासून सोडवून मध्ये ओढून आणतात. उघडं पडलेलं हाड नंतर व्रणाने भरतं, आणि व्रण रबरासारखा वाढत नाही, चामड्यासारखा आकसतो. वरचा जबडा पुढे, खाली आणि रुंदीत वाढायला बघतो आणि हा व्रण त्याला धरून ठेवतो. शिवलेल्या ओठाचा ताण बाहेरून दाबतो तो वेगळाच. खालच्या जबड्याला कोणीच अडवलेलं नसतं, तो आपल्या वेळापत्रकाप्रमाणे पुढे जातो.

हे कळलं कसं, ती गोष्ट मला वर्गात सांगायला फार आवडते. १९८०च्या दशकात ब्रिटनहून एक चमू श्रीलंकेत गेला. तिथे टाळू दुभंगलेली, पण कधीच ऑपरेशन न झालेली मोठी माणसं होती. मायकेल मार्स नावाच्या ऑर्थोडॉन्टिस्टने त्यांची मोजमापं घेतली. १९९० साली ती छापून आली. ज्यांना कोणी हात लावला नव्हता त्यांचे वरचे जबडे जवळपास सर्वसामान्यांइतके पुढे वाढलेले होते!

म्हणजे खाण्यापिण्यात तुम्ही कुठेही कमी पडलेला नाहीत.

सातारी_कंदी | ४ जुलै, दुपारी ३.००

बाप रे. मग ऑपरेशन मोठेपणीच का करत नाहीत?

दंतकथा | ४ जुलै, सायंकाळी ६.४०

करून बघितलंय. जर्मनीत मारबुर्गला श्वेकेनडीक यांनी मऊ टाळू लहानपणी शिवली आणि पुढची कडक टाळू बारा-तेराव्या वर्षापर्यंत उघडी ठेवली. जबडे सुरेख वाढले, पण बोलण्याचा पार विचका झाला. भाषा शिकण्याची वर्षं भोक असलेल्या तोंडाने गेली, ती परत येत नाहीत. तेव्हापासून सगळं जग हाच तराजू धरून बसलंय, एका पारड्यात बोली आणि दुसऱ्यात जबडा. टाळू साधारण ९ ते १८ महिन्यांत शिवतात ते बोलीकडे बघून. जबड्याचं देणं मग आमच्या खात्यावर येतं.

उच्चार_विचार | ४ जुलै, रात्री ९.१०

स्पीच थेरपिस्ट इकडे. दंतकथा सरांशी सहमत. आमच्या बाजूची ताजी भर म्हणजे, २०२३ साली युरोप आणि दक्षिण अमेरिकेतल्या केंद्रांचा मोठा अभ्यास आला. ओठ शाबूत, फक्त टाळू दुभंगलेली अशी ५५८ बाळं घेतली. निम्म्यांची टाळू सहाव्या महिन्यात शिवली, निम्म्यांची बाराव्यात. पाच वर्षांची झाल्यावर बोलताना टाळू घशाच्या मागच्या भिंतीला नीट न टेकण्याचं प्रमाण सहा महिनेवाल्यांत ८.९ टक्के आणि बारा महिनेवाल्यांत १५ टक्के निघालं. बोलीसाठी लवकर बरं, हे त्यातून दिसतं. जबड्याचा हिशोब ती मुलं मोठी झाल्यावर लागेल.

कृष्णाकाठ, मुलाकडून 'कच्चा पापड, पक्का पापड' म्हणवून घ्या. प, क, ड म्हणताना नाकातून हवा सुटते का बघा. नाकाखाली छोटा आरसा धरला की वाफ दिसते. दुसरं म्हणजे 'चमचा' आणि 'चिमणी'. मराठीत दोन च आहेत. चमच्यातल्या च ला जिभेचं टोक वरच्या दातांशी लागतं. दात आत गेलेल्या मुलांचा नेमका हाच च आणि स घसरतो, चिमणीचा त्या मानाने बरा असतो. हे लिहून ठेवा. जबड्याचं काहीही करण्याआधी बोली कशी होती ह्याची नोंद हवी, रेकॉर्डिंग असेल तर उत्तम. कारण पुढे सांगते, आत्ता लेक झोपवायची आहे.

ओठावरची_रेघ | ५ जुलै, रात्री १२.५०

मी त्या दुसऱ्या बाजूने लिहितो. वय ३१, डाव्या बाजूचा ओठ आणि टाळू. आयडीवरून कळलंच असेल.

मला अकराव्या वर्षी क्लिपा लावल्या. डॉक्टरांचं नाव घेत नाही, माणूस चांगला होता. चार वर्षं तारा. पंधराव्या वर्षी दात एकदम ओळीत, घरी पेढे वाटले. सोळा ते अठरा खालचा जबडा असा वाढला की सगळं परत उलटं. एकोणिसाव्या वर्षी पुन्हा दीड वर्ष तारा आणि मग ऑपरेशन. वरचा जबडा दातांच्या मुळांच्या वर आडवा कापतात, ७ मिलिमीटर पुढे आणून टायटॅनियमच्या पट्ट्यांनी बसवला. सहा आठवडे ताक, कढण, मिक्सरमधून काढलेला वरणभात. वरच्या ओठाला कित्येक महिने मुंग्या.

चेहरा बदलला, हो. आरशासमोर पंधरा मिनिटं उभा होतो. पण आवाज आधीपेक्षा नाकात गेला आणि हे होऊ शकतं असं मला कोणी सांगितलं नव्हतं. कॉल सेंटरची नोकरी होती हो तेव्हा.

माझा राग ऑपरेशनवर नाही. त्या चार फुकट वर्षांवर आहे. शाळेची सगळी वर्षं मी खुर्चीत तोंड उघडून काढली आणि शेवटी तेही पुसलं गेलं. ताई, काय करायचं ते करा, पण प्रत्येक वेळी विचारा: हे आत्ता का? आणि हे संपणार कधी?

उच्चार_विचार | ५ जुलै, सकाळी ८.१५

रेघ, हेच सांगणार होते. जबडा पुढे आला की मऊ टाळूही त्याच्याबरोबर पुढे जाते. घशाच्या मागच्या भिंतीपासून अंतर वाढतं. ज्यांची टाळू आधीच जेमतेम पोचत असते त्यांची मग पोचत नाही. म्हणून ऑपरेशनआधी नाकातून दुर्बीण घालून टाळूची हालचाल बघायला हवी आणि रुग्णाला स्पष्ट सांगायला हवं. तुमच्या बाबतीत झालं नाही ह्याचं वाईट वाटलं.

दंतकथा | ५ जुलै, दुपारी १.३०

रेघ यांची पोस्ट विद्यार्थ्यांना वाचून दाखवू का? परवानगी द्या. (नाव-गाव अर्थातच नाही.)

उपचार सलग नसावेत, टप्प्याटप्प्याने असावेत आणि मध्ये मुलाला पूर्ण सुट्टी असावी. साडेसात वर्षांच्या मुलापुढे साधारण असा रस्ता असतो.

आधी रुंदी. हिरडीचे दोन तुकडे आत कोसळलेले असतात. टाळूच्या बाजूने चार वेटोळ्यांची तार बसवतात, ती दाढांना चिकटवलेली असते आणि हळूहळू तुकडे बाहेर ढकलते. मग फेसमास्क. कपाळाला एक गादी, हनुवटीला एक, मध्ये उभा दांडा, तोंडासमोर आडवी तार. आतल्या तारेच्या आकड्यांपासून बाहेरच्या आडव्या तारेपर्यंत दोन रबरं. ओढ पुढे आणि किंचित खाली. प्रत्येक बाजूला साधारण ३५० ते ४५० ग्रॅम, दिवसाचे १२ ते १४ तास, सहा महिने ते वर्षभर. दहाव्या वर्षाच्या आत जास्त गुण येतो, कारण चेहऱ्याच्या हाडांमधले सांधे अजून घट्ट झालेले नसतात.

मिळतं काय? दोन ते चार मिलिमीटर. त्यातही काही भाग जबड्याचा, काही दात पुढे झुकल्याचा आणि काही खालचा जबडा खाली-मागे फिरल्याचा. त्यात व्रण उलट्या दिशेने ओढतच असतो. ज्यांची टाळू धड असते अशा, उलटा चावा (खालचे दात वरच्यांच्या पुढे) असलेल्या मुलांवर ब्रिटनमध्ये एक चांगली चाचणी झाली. सहा वर्षांनी बघितलं तर मास्क लावलेल्यांपैकी ३६ टक्क्यांना जबड्याच्या ऑपरेशनची गरज आहे असं तज्ज्ञांना वाटलं, न लावलेल्यांपैकी ६६ टक्क्यांना. दुभंगलेल्या टाळूच्या मुलांना हे आकडे जसेच्या तसे लावू नका. त्यांचा रस्ता चढाचा आहे.

मग नऊ ते अकराच्या दरम्यान हिरडीच्या फटीत हाड भरायचं. कमरेच्या हाडातला मऊ गर काढून तिथे बसवतात. १९७२ साली बॉइन आणि सँड्स यांनी ही पद्धत मांडली, अजून तीच चालते. सुळ्याचं मूळ अर्धं ते दोन तृतीयांश तयार झालं आणि तो बाहेर यायच्या बेतात असला की वेळ झाली. सुळा मग त्या नव्या हाडातून खाली उतरतो आणि ते हाड टिकवतो. ही वेळ चुकवू नका! मास्कचं मागेपुढे झालं तर चालेल, हाड भरण्याचं नाही. आणि त्याआधी कोणी फटीशेजारचे दात सुंदर सरळ करून देतो म्हणालं तर थांबवा. मुळाभोवती हाडच नसेल तर दात फटीत ढकलला जातो आणि उघडा पडतो.

त्यानंतर सुट्टी. पूर्ण तारा बारा-तेराला, कायमचे दात आल्यावर. पण जबड्यातला फरक मोठा दिसत असेल तर तेव्हाही थांबायचं. रेघ यांच्या बाबतीत तिथेच घाई झाली असावी.

लीड्सकर | ५ जुलै, रात्री ११.५५

आमची मुलगी ९ वर्षांची, इंग्लंडमध्ये. इथे १९९८ च्या एका सरकारी अहवालानंतर ५७ ठिकाणी विखुरलेलं हे काम मोजक्या केंद्रांत गोळा केलं. एकाच दिवशी सर्जन, ऑर्थोडॉन्टिस्ट, स्पीच थेरपिस्ट, कानाचे डॉक्टर सगळे एका खोलीत बसतात. (कानही तपासा ताई, ह्या मुलांच्या पडद्यामागे पाणी साचतं.) आम्हाला फेसमास्क सुचवलाच नाही. दातांचे साचे घेऊन १ ते ५ मध्ये बसवतात, गॉस्लॉन म्हणतात त्याला. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट, लंडन आणि ऑस्लो जोडून केलेलं नाव. ४ किंवा ५ आलं की पुढे ऑपरेशनची तयारी ठेवा म्हणतात. आमची ३ आहे. ना इकडची ना तिकडची. टीम म्हणते, वाट बघू. तेव्हा इथेही एकमत नाही हो.

सातारी_कंदी | ६ जुलै, सकाळी ९.२०

तोंडाच्या आत लपेल असं काही नाही का? पोरगं तो सांगाडा घालून कसं बसेल?

दंतकथा | ६ जुलै, दुपारी २.००

आहे. वरच्या जबड्यात मागे आणि खालच्यात पुढे हाडावर छोट्या पट्ट्या स्क्रूने बसवून आतल्या आत रबरं लावतात. बाहेर काही दिसत नाही. पण त्यासाठी खालचे कायमचे सुळे यावे लागतात, हाड थोडं घट्ट व्हावं लागतं, म्हणजे अकरा-बारा वर्षं. शिवाय दोन छोटी ऑपरेशनं, बसवायला एक आणि काढायला एक. ताईंच्या मुलाला आज नाही.

कृष्णाकाठ | ६ जुलै, रात्री १०.४५

सगळ्यांचे किती आभार मानू. रेघ, तुमची पोस्ट मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवली. दोघंही गप्प होतो.

'हे आत्ता का' हा प्रश्न घेऊन पहिल्या डॉक्टरांकडे पुन्हा गेलो. ते चिडले नाहीत. म्हणाले, १८ व्या वर्षीचं ऑपरेशन टळेल असं वचन देत नाही. टळलं नाही तरी सात ऐवजी चार मिलिमीटरचं होईल आणि मधली दहा वर्षं हा फोटोत मान वर करेल. वर्षभर, त्यापेक्षा एक दिवस जास्त नाही, असं कागदावर लिहून दिलं. सुरू करतोय.

कृष्णाकाठ | १२ नोव्हेंबर, रात्री ९.३०

धागा वर काढतेय. ऑगस्टमध्ये तार बसली. दीड महिन्यात हिरडी रुंद झाली आणि एक दिवस दूध पिताना नाकातून आलं. माझे हातपाय गार. डॉक्टर म्हणाले, टाळूच्या पुढच्या भागात छोटं भोक आधीपासूनच होतं, कोसळलेल्या हिरडीखाली झाकलेलं. रुंदी वाढली तसं उघडं पडलं. हाड भरताना तेही बंद करतील. हे आधी सांगितलं असतं तर ती रात्र नीट झोपले असते.

मास्क ऑक्टोबरपासून. शाळेत नाही, संध्याकाळी सहा ते सकाळी सात. त्याने त्याला 'हेल्मेट' नाव ठेवलंय आणि मास्क घालून अंगणात बॅटिंगचा पवित्रा घेतो. कॅलेंडरवर तास लिहितो, तेराच्या खाली गेले तर स्वतःच रविवारी भरून काढतो. दिवाळीत चिक्की खाल्ली आणि तारेचा एक बँड (दाढेभोवतीची कडी) निघाला. पुणं एक खेप.

दंतकथा | १३ नोव्हेंबर, दुपारी १.१०

भोकाबद्दल तुमचं म्हणणं रास्त. आम्ही सांगायला विसरतो कारण आम्हाला ते नेहमीचं असतं. चिक्कीबद्दल मात्र सहानुभूती नाही.

कृष्णाकाठ | २१ एप्रिल, रात्री १०.१०

उन्हाळ्याने हैराण. हनुवटीच्या गादीखाली घामोळं आणि लाल चट्टे. आईच्या जुन्या सुती साडीचे तुकडे शिवून आत घातले, रोज बदलते. बरं आहे. पुढचे दात आता एकमेकांवर टेकतात, टोकाला टोक. गालात फरक आहे का? मला दिसतो, ह्यांना नाही. आत्या म्हणाली, 'एवढा खटाटोप एवढ्यासाठी?'

ओठावरची_रेघ | २१ एप्रिल, रात्री ११.०२

तास किती पडले आत्तापर्यंत?

कृष्णाकाठ | २१ एप्रिल, रात्री ११.१५

त्याच्या हिशोबाने २,५१०. पाढे पाठ नाहीत, पण ही बेरीज रोज करतो.

ओठावरची_रेघ | २१ एप्रिल, रात्री ११.१८

आत्याला सांगा, माझं ऑपरेशन साडेतीन तासांचं होतं. त्याच्यापुढे पोरगं लईच दमाचं आहे.

नवी_आई_नांदेड | ९ जून, पहाटे ३.४०

हा धागा शोधून शोधून सापडला. माझी मुलगी १९ दिवसांची आहे. दोन्ही बाजूंनी ओठ आणि टाळू. अंगावर ओढता येत नाही, बाटलीने पाजलं की नाकातून येतं, वजन घटलंय. जबड्याचं वगैरे सगळं वाचलं, घाबरायला झालं. आत्ता काय करू?

कृष्णाकाठ | ९ जून, पहाटे ४.०५

जबड्याचं आत्ता काही वाचू नका. त्याला सात वर्षं आहेत.

दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा. बाळाला आडवं नाही, जवळजवळ बसतं धरायचं, डोकं उंच. थोडं थोडं, गालाच्या बाजूने. मध्ये मध्ये ढेकर काढा, हवा खूप जाते. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ पाजत बसू नका, ती दमते आणि वजन तिथेच जातं. आणि वजन घटलंय म्हणता, तर सकाळ झाली की आधी बालरोगतज्ज्ञांकडे न्या, उद्यावर टाकू नका. सरकारी रुग्णालयात गेलात तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे बसतं का विचारा, बसतं. ओठाचं ऑपरेशन मोफत करणारी केंद्रंही आहेत. तुम्हाला वेगळा निरोप पाठवला आहे, नंबर दिलाय.

मी जागीच आहे. ह्याचं रबर तुटलं म्हणून उठले होते.